मोजण्यापुरती हिंसा

'अभयारण्य' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातले 'अभय' आता आपल्याला ऐकूच येत नाही. जिथे भय नाही असे रान, एवढा त्याचा साधा अर्थ. अशा रानात एक माणूस शिरतो. हातात कापडी जाळे, खांद्याला पिशवी, पिशवीत रुंद तोंडाची बरणी. बरणीच्या तळाशी कापूस आणि त्यावर इथाइल ॲसिटेटचे काही थेंब. गवतातून पकडलेला नाकतोडा तो त्या बरणीत सोडतो, झाकण लावतो आणि वहीत वेळ लिहितो. थोड्या वेळाने बरणीतली हालचाल थांबते. या माणसाकडे वनखात्याचे परवानापत्र आहे, तो या रानाच्या भल्यासाठीच आलेला आहे आणि इथल्या नाकतोड्यांबद्दल त्याच्याइतकी आस्था आसपासच्या गावांत कुणालाही नसेल. तरीही ज्याला अभय दिले त्यालाच त्याने मारले, ही गोष्ट उरतेच. या मारण्याला काय म्हणायचे?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एका जागेवर उभे राहून तो विचारू. सोलापूरजवळचे नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतला साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या आसपासचा प्रदेश तेव्हा त्याच्या हद्दीत आला. त्यात गावे होती, शेते होती, रस्ते होते. पुढे हद्द नव्याने आखली गेली आणि क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास उरले. खरा गवताळ माळ त्यातही तुकड्यातुकड्यांनीच आहे. कुसळी, पवना, मारवेल अशी गवते, मधूनच बाभूळ नाहीतर हिवर, काळवीट, लांडगा, खोकड. आणि पाऊस पडून गेला की पावलागणिक उडणारे नाकतोडे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. आज त्या कायद्यात 'प्राणी' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात अपृष्ठवंशीय जीवही येतात, त्यांची पिल्लेही येतात आणि अंडीही. म्हणजे अभयारण्याच्या हद्दीतला नाकतोडा कायद्याच्या नजरेतून सुटलेला नाही. अभयारण्यातून कोणताही वन्यजीव नष्ट करायचा किंवा बाहेर न्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ती परवानगी देताना असे करणे तिथल्याच वन्यजीवांच्या भल्यासाठी गरजेचे आहे, याची खात्री करून घेतली जावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा नाकतोडा नसेलही. पण त्यांनी घातलेली ही अट नैतिकदृष्ट्या फार नेमकी आहे. मारायचे असेल तर ते कुणाच्या भल्यासाठी, हे आधी सांगा. हा लेख त्या अटीचाच पाठपुरावा आहे.

पण मोजायला मारावे तरी का लागते? वाघ मोजताना कुणी वाघ मारत नाही. वाघाच्या अंगावरचे पट्टे कॅमेऱ्यात येतात आणि एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. नाकतोड्यांची पाहणी वेगळी असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीतल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात, पाच-सहा वेळा कात टाकतात आणि पावसाळा सरता सरता पंख फुटलेले प्रौढ दिसू लागतात. पाहणी करायची ती तेव्हा. ठरलेल्या रेषेवरून सावकाश चालत पायांपुढून किती उडाले ते मोजायचे, गवतावरून जाळे ठरावीक वेळा फिरवायचे, जमिनीवर आखलेल्या चौकटीतले मोजायचे, रात्री दिव्यावर येणारे वेगळे टिपायचे. यातले काही नाकतोडे लांबूनच ओळखू येतात. रुईवरचा पिवळ्या-निळ्या रंगांचा नाकतोडा पुस्तकातल्या चित्रासारखा समोर बसलेला असतो. रुईच्या चिकातले विष अंगात साठवलेले असल्यामुळे त्याला लपायची गरज पडत नाही. निमुळत्या डोक्याचा, गवताच्या पात्यासारखा लांबडा अक्रिडाही ओळखता येतो. पण मातीच्या रंगाचे, बोटाच्या पेराएवढे कितीतरी नाकतोडे असे असतात की दोन जातींमधला फरक नराच्या जननांगाच्या एका सूक्ष्म भागातच दिसतो. तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि त्यासाठी नाकतोडा मेलेला असावा लागतो. मग पाठीवरच्या ढालीसारख्या भागातून, मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडून टाचणी जाते, एका बाजूचे पंख पसरले जातात आणि खाली चिठ्ठी लागते: ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचे नाव.

या मारण्याचे समर्थन दोन प्रकारे केले जाते. दोन्ही प्रकार ऐकायला पटणारे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत.

पहिले समर्थन आकड्यांचे. एका हंगामाच्या पाहणीत जितके नाकतोडे टाचणीवर जातात, त्याहून कितीतरी जास्त एकट्या नीलपंखाच्या पोटात जातात. मेंढ्यांच्या खुरांखाली जातात, डांबरी रस्त्यावरच्या चाकांखाली जातात. नाकतोड्याची मादी जमिनीत पोट खुपसून फेसाच्या वेष्टनात डझनांनी अंडी घालते. त्यांतली बहुतेक पिल्ले मोठी होण्याआधीच मरतात. संशोधकाच्या बरणीने त्यात काय फरक पडणार? हे सगळे खरे आहे. पण यातून एवढेच सिद्ध होते की या मारण्याने जात धोक्यात येत नाही. मारणे योग्य आहे हे त्यातून निघत नाही. शहरात रोज इतकी माणसे मरतात, आणखी एकाने काय बिघडते, असा युक्तिवाद आपण माणसांच्या बाबतीत ऐकूनही घेणार नाही. नीलपंख भुकेपोटी खातो आणि मेंढीला पायाखाली काय आले ते ठाऊक नसते. बरणी घेऊन आलेला माणूस मात्र पूर्ण जाणीव ठेवून, एकेकाला निवडून मारतो. त्याच्या कृतीला अर्थ आहे तो या जाणिवेमुळे, आणि तिचा जाब विचारता येतो तोही या जाणिवेमुळेच.

दुसरे समर्थन वेदनेचे आहे. कीटकांना काही जाणवत नाही, असे ते सांगते. १९८४ साली काही संशोधकांनी याच प्रश्नावर एक निबंध लिहिला होता. त्यात एका टोळाचा दाखला येतो: प्रार्थनाकीटक त्याला खात असताना हा टोळ स्वतःचे खाणे चालूच ठेवतो. हे वाचले की वाटते, प्रश्न मिटला. पण तो मिटलेला नाही. अलीकडच्या अभ्यासांनी कीटकांच्या वेदनेबद्दलचा तो ठाम नकार सैल केला आहे. माश्या आणि झुरळे यांच्याबाबत वेदनेच्या शक्यतेचे पुरावे बरेच जमले आहेत. टोळ-नाकतोड्यांच्या कुळाबाबत ते कमी आहेत, पण मुळीच नाहीत असे म्हणता येत नाही. म्हणजे आपल्या हाती उरते ती शंका.

शंका असेल तर तिचा फायदा कुणाला द्यायचा, याचे एक उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. जैन परंपरेने जीवांची मांडणी त्यांच्या इंद्रियांवरून केली. भुंगा, विंचू, टोळ हे चार इंद्रियांचे जीव: स्पर्श, चव, गंध आणि दृष्टी असलेले, पण ऐकू न येणारे. आजच्या प्राणिशास्त्राला ठाऊक आहे की नाकतोड्याला ऐकू येते. त्याचा कान पोटाच्या पहिल्या वलयावर असतो; लांब मिशांच्या नाकतोड्यांचा आणि रातकिड्यांचा पुढच्या पायावर. नर मांडी पंखावर घासतो आणि मादी ते ऐकते. तेव्हा जुन्या मांडणीतही त्याची एक पायरी वाढायला हवी. यात जुन्या आचार्यांचे काही चुकले असे म्हणण्यासारखे नाही. त्यांचा नियमच असा होता की इंद्रिये कमी म्हणून जीव मारायला मोकळा होत नाही. पण आपल्यासाठी यात एक इशारा आहे. दुसऱ्याला काय जाणवते याची आपली यादी आजवर वाढतच आली आहे. 'त्याला काही कळत नाही' या वाक्यावर ज्याने आपली निर्दोषता उभी केली, त्याच्या पायाखालची जमीन दर पिढीला थोडी थोडी सरकत जाते.

मग सरळ मार्ग दिसतो तो हा की त्यांच्या वाटेला जाऊच नये. जाळे नको, बरणी नको, टाचणी नको. रानाला रान राहू द्यावे. अहिंसेचा हा अर्थ अनेकांना सगळ्यांत स्वच्छ वाटतो. ज्या माळाकडे दुसऱ्या कुणाचेच लक्ष नाही, तिथे तो पुरलाही असता. पण असा माळ आज देशात उरलेला नाही.

महसुली आणि वनखात्याच्या भाषेत गवताळ प्रदेशाला बरीच वर्षे 'पडीक' म्हटले गेले. पडीक म्हणजे ज्याचे काही झालेले नाही, होऊ शकते असे. एकदा तो शब्द लागला की पुढचे सगळे सत्कृत्य ठरते. कुणी तिथे गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून हिरवळ करतो, कुणी पवनचक्क्या नाहीतर सौर पट्ट्या उभारतो, कुणी नांगर घालतो. यातल्या कुणाच्या मनात हिंसा नसते. ज्याने गवतावर झाडे लावली त्याला तर पुण्य केल्यासारखेच वाटते. पण गवताच्या उघड्या, तापलेल्या जमिनीत अंडी घालणाऱ्या आणि उन्हात अंग शेकून हिंडणाऱ्या जीवाला दाट सावली म्हणजे त्याचे घर मोडणेच. तिथे किती जाती होत्या हे कुणी पाहिलेले नसते, म्हणून किती गेल्या हेही कुणाला कळत नाही. हा मृत्यू कुणाच्याच नावावर चढत नाही.

अशा मृत्यूचा सगळ्यांत मोठा दाखला अमेरिकेतला आहे. रॉकी पर्वतातला टोळ एकोणिसाव्या शतकात तिथल्या मध्यवर्ती मैदानांवर धाडी घालत असे. १८७५ साली दिसलेल्या एका थव्याचा विस्तार त्या वेळी पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास मोजला गेला. म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. त्यानंतर तीस वर्षेही झाली नाहीत, तोवर हा टोळ संपला; १९०२ नंतर त्या जातीचा जिवंत कीटक कुणाला सापडलेला नाही. तो कसा संपला याचे जेफ्री लॉकवूड या संशोधकाने दिलेले स्पष्टीकरण असे: धाडी नसलेल्या वर्षांत हा टोळ पर्वतांमधल्या नद्यांच्या मोजक्या खोऱ्यांत राहून तिथल्या मातीत अंडी घालत असे. नेमक्या त्याच खोऱ्यांत नव्याने आलेल्या शेतकऱ्यांनी नांगर चालवला, पाणी फिरवले, गुरे सोडली. टोळाला संपवायला कुणी निघाले नव्हते; जे निघाले होते त्यांना ते जमलेही नव्हते. तो संपला तो नकळत. आज त्याचे जे काही उरले आहे ते संग्रहालयांच्या खणांत टाचणीवर आणि काही हिमनद्यांच्या बर्फात. ही एक वेगळीच जात होती, याला दुजोरा मिळाला तोही या मेलेल्या देहांमधूनच.

हा दाखला दोन्ही बाजूंनी कापतो. टाचणीवरच्या टोळांनी आपल्याला सांगितले की काय गमावले. पण त्याच टाचण्यांनी त्याला वाचवले नाही. नमुने गोळा झाले म्हणजे जीव वाचला असे होत नाही. मारून मिळवलेले ज्ञान वेळेत, योग्य जागी पोचले नाही तर ते शवचिकित्सेचा अहवाल होऊन राहते. म्हणून 'ज्ञानासाठी' एवढे म्हणून बरणीचे झाकण लावता येणार नाही. कोणते ज्ञान, कुणाच्या हाती, कुणाच्या बाजूने, हे विचारावे लागेल.

कुणाच्या बाजूने हा प्रश्न भाषेपासूनच सुरू होतो. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत: एकटा असतो तो नाकतोडा, झुंडीने येतो तो टोळ. टोळ म्हटले की पुढे 'धाड' आलीच. काम न करता हिंडणाऱ्यांना आपण टोळभैरव म्हणतो. संस्कृतात राज्यावर येणाऱ्या सहा 'ईतीं'मध्ये अतिवृष्टी, अवर्षण, उंदीर यांच्या पंक्तीला शलभ आहेत. हिंदीत टिड्डा आणि टिड्डी, बंगालीत घासफडिंग आणि पंगपाल. बंगालीतली आणि मराठीतली नावे तर असे वाटायला लावतात की हे दोन वेगळेच प्राणी असावेत. सोलापूरच्या पेठांत मराठीच्या जोडीने कानावर पडणाऱ्या कन्नडमध्ये तो मिडते, तेलुगूत मिडत. तमिळमध्ये वेट्टुक्किळि, म्हणजे कापणारा पोपट. मल्याळममध्ये पुल्च्चाडि, गवतात उड्या मारणारा. या देशातल्या भाषांनी याला पाहिले ते पिकाच्या बांधावर उभे राहून, आणि ते साहजिकही होते. पण त्यामुळे जवळजवळ सगळ्याच भाषांत त्याची नावे मूठभर आहेत आणि जाती मात्र शेकड्यांनी. मराठीत तर लांब मिशांचे, आखूड मिशांचे, हिरवे, मातकट, सगळे मिळून नाकतोडेच.

नावांच्या या वाटणीमागचे विज्ञान १९२१ सालचे आहे. बोरिस उवारॉव्ह यांनी दाखवून दिले की ज्यांना दोन जाती समजले जात होते ते एकाच टोळाचे दोन अवतार आहेत: एक एकांडा, एक झुंडीतला. पुढे, २००९ साली, वाळवंटी टोळाबाबत कळले की मागच्या पायांना दुसऱ्या टोळांचा सतत स्पर्श होत राहिला की त्याच्या शरीरात सेरोटोनिन वाढते आणि एकांड्याचा झुंडीतला व्हायला दोन-एक तास पुरतात. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड विदर्भात, अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांपर्यंत आली, तेव्हा थाळ्या वाजवल्या गेल्या, फवारण्या झाल्या. शेतकऱ्याने फवारू नये असे म्हणायचा अधिकार शहरात बसून लेख लिहिणाऱ्याला नाही. पण हे ध्यानात ठेवले पाहिजे की झुंड करू शकणाऱ्या जाती अगदी थोड्या आहेत. जगभरात नाकतोडे, टोळ, रातकिडे या कुळाच्या हजारो जाती आहेत. भारतातच हजाराहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी कधी कुणाचे शेत उजाड केलेले नाही. तरी फवारणीचे औषध आणि आपल्या भाषा, दोघांनाही त्यांच्यातला फरक दिसत नाही.

नाकतोड्यांची पाहणी म्हणजे या सरसकट नजरेला दिलेले उत्तर. झुंडीतून एकेकाला वेगळे काढून 'तू कोण?' असे विचारणे. त्यासाठी काहींना मारावे लागते, हा यातला पेच आहे. ज्याला एकटे म्हणून पाहायचे त्यालाच जातीचा प्रतिनिधी करून टाचणीवर लावायचे. एका नाकतोड्याचे आयुष्य त्याचे स्वतःचे असते. 'जात' ही गोष्ट त्याला ठाऊक नाही. जातीसाठी त्याने मरावे असे आपण त्याच्या वतीने ठरवतो. रानात मरण रोजचेच आहे, हे इथे कामाला येत नाही. इथे कामाला येईल ते एकच: त्याच्या मरणातून निघालेली नोंद त्याच्याच जातभाईंच्या आणि त्यांच्या माळाच्या बाजूने उभी राहिली पाहिजे.

नेमके इथेच नान्नजसारख्या ठिकाणी एक जुनी सवय आडवी येते. गवताळ अभयारण्यातले नाकतोडे मोजायचे कशासाठी, तर ते माळढोकाचे खाद्य म्हणून. भावनगरजवळच्या वेळावदरला हिवाळ्यात उत्तरेकडून भोवत्यांचे थवे उतरतात. तिथे ते भोवत्यांचे खाद्य. हे खोटे नाही. गवताचे मांस करून पक्ष्यांच्या चोचीपर्यंत पोचवणारा हा जीव आहे आणि तो नसेल तर वरची सगळी उतरंड कोसळेल. परवानगीच्या अर्जात हे कारण लवकर पटते. पण या कारणाचा शेवट कुठे होतो ते नान्नजमध्ये दिसते. माळढोक देशातच दीडशेच्या आत उरला आहे, तोही मुख्यतः राजस्थानात. नान्नजला तो आता जवळजवळ दिसत नाही. वर्षाला एखादे अंडे घालणारा हा पक्षी तिथे परत वाढेल याची खात्री कुणी देत नाही. मग जेवणाराच उठून गेला तर वाढून ठेवलेल्या ताटाचे काय? नाकतोड्याची किंमत फक्त माळढोकाच्या खाद्याएवढी असेल, तर माळढोक गेल्यावर ती शून्य झाली. आणि मग 'ज्याच्यासाठी अभयारण्य केले तो पक्षीच नाही, आता ही जमीन अडकवून का ठेवता?' या प्रश्नाला उत्तर उरत नाही. हा प्रश्न काल्पनिक नाही. माळरानांच्या प्रत्येक गावात तो विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या बाजूने त्याच्या शेताची, रस्त्याची, विहिरीची खरी गरज उभी असते.

जगात दुसरीकडे उत्तर वेगळे दिले गेले आहे. दक्षिण फ्रान्समध्ये क्रो नावाचे दगडगोट्यांचे कोरडे माळरान आहे. तिथे एक मातकट, न उडणारा नाकतोडा राहतो, जगात फक्त तिथेच. तो मोजला गेला, घटतोय हे कळले, आणि आज त्याच्या स्वतःच्या नावाने त्याच्या संवर्धनाचे काम चालते. तो कुणाचे खाद्य आहे हे विचारून नव्हे. २०१६ साली युरोपातल्या नाकतोडे-रातकिड्यांच्या हजाराहून अधिक जातींची पाहणी एकत्र केली गेली, तेव्हा त्यांतल्या चौथाईहून जास्त जाती धोक्यात असल्याचे निघाले. हे कळू शकले कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी मोजत होते. आपल्याकडे 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतला नाकतोड्यांवरचा कर्बी यांचा खंड १९१४ सालचा आहे. त्यानंतर काम झाले आहे, होते आहे. पण एखाद्या माळावर वीस वर्षांपूर्वी कोणत्या जाती होत्या असे विचारले, तर बहुतेक माळांबद्दल तुलनेला काही हाती लागत नाही.

तेव्हा मारून मोजावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर 'होय' असे आहे. पण ते सवलतीसारखे नाही, कर्जासारखे आहे. बरणीचे झाकण लावणारा माणूस त्या क्षणी कर्ज घेतो आणि ते कसे फेडायचे याच्या अटी नाकतोड्याच्या बाजूने लिहिल्या जातात.

त्या अटी साध्या आहेत. जो ओळखू येतो त्याचा फोटो पुरे. त्याला सोडून द्यावे. जो आवाजावरून कळतो त्याचा आवाज टिपावा. पिल्ले पकडू नयेत, त्यांच्यावरून जात बहुधा कळतच नाही. अंडी घालण्यासाठी जमिनीत पोट रोवून बसलेल्या मादीला हात लावू नये. एक-दोन नमुन्यांनी भागत असेल तर आपल्या संग्रहाची पेटी भरण्यासाठी दहा घेऊ नयेत. ज्याला मारले त्याची चिठ्ठी पूर्ण लिहावी. ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना म्हणजे निव्वळ प्रेत. नमुना घरच्या कपाटात न ठेवता जिथे दुसऱ्याला तो पाहता येईल अशा संग्रहात जावा, म्हणजे पुढच्या माणसाला त्यासाठी पुन्हा मारावे लागणार नाही. जाळ्यात काही आले नाही तर तेही लिहावे, कारण पुढे कधीतरी तेच शून्य सगळ्यांत महत्त्वाचे ठरेल. आणि यादी छापून झाली की काम संपले असे समजू नये. ती गावाच्या भाषेत गावापर्यंत आणि वनखात्याच्या आराखड्यापर्यंत गेली पाहिजे. म्हणजे तो माळ नांगरायचा, झाडांनी झाकायचा की राहू द्यायचा हे ठरवताना टेबलावर ती असेल. यादीचा निर्णयावर परिणाम होईलच याची हमी नाही. पण ती तिथे पोचवणे हे ज्याने मारले त्याचे काम आहे, आणि ते तो दुसऱ्यावर ढकलू शकत नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा किड्यासाठी केवढा हा हिशोब. पण हिशोब लहान जीवाशीच ठेवावा लागतो. वाघाच्या मृत्यूची चौकशी होते, बातमी होते. तिथे आपल्या नीतीची फारशी परीक्षा नसते, कारण सगळे पाहत असतात. कुणी पाहत नसताना, ज्याला नाव नाही, आवाज ऐकायला जाणारे कुणी नाही, ज्याच्या मरणाने कुठलाच आकडा हलत नाही, अशा जीवाला मारताना माणूस स्वतःला कोणता प्रश्न विचारतो, त्यावरून त्याची नीती कळते. मराठीत मोजणीला 'मोजदाद' असाही शब्द आहे. व्युत्पत्ती काहीही असो, त्यातली 'दाद' विसरू नये. नुसते मोजायचे आणि दाद घ्यायची नाही, याला टोळधाडीचा अंदाज म्हणता येईल, पाहणी नाही.

सगळ्या अटी पाळल्या तरी काही उरतेच. समर्थनीय हिंसा ही हिंसाच असते. समर्थन मिळाले म्हणून तिचे दुसरे काही होत नाही. चांगल्या हेतूने ती धुऊन निघते असे मानणारा पुढच्या वेळी सहजपणे मारतो, आणि तिच्या भीतीने मोजायचेच सोडणारा ते मरण नांगराच्या आणि फवारणीच्या हाती सोपवून स्वतः स्वच्छ राहतो. या दोघांपेक्षा वहीत वेळ लिहिणारा माणूस बरा, पण तो जोवर ती वही उघडी ठेवतो तोवरच. माळढोक परतो न परतो, पावसानंतर त्या माळावर कोण कोण राहते हे त्याला सांगता यायला हवे, आणि ते सांगता यावे म्हणून कुणाकुणाचा जीव घेतला, हेही.